टायगरला निरोप

हरमलच्या किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं. मेपर्यंत शॅकमधली मासळी आणि पर्यटकांचे लाड. मग पावसाच्या तोंडावर शॅक मोडतात, पाहुणे जातात आणि ही कुत्री उपाशीपोटी गावात शिरतात. आमचा टायगर असाच २०११ च्या जूनमध्ये घरी आला, दोन्ही तळहातांवर मावेल एवढा. नाव माझ्या बहिणीने ठेवलं. वाघाचं त्याच्यात काहीच नव्हतं. ढग गडगडले की तो आजीच्या खाटेखाली.

तो चौदा वर्षं जगला. आजी म्हणायची, एवढं म्हातारं कुत्रं तिने गावात पाहिलंच नाही. खरंही असेल. पूर्वी गावातली कुत्री रोगाने जायची, गाडीखाली जायची, पिसाळायची. आता घरचं कुत्रं नियमित लस घेतं. २०१४ पासून गोव्यात मिशन रेबीजची पथकं जाळी घेऊन रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही लस देत फिरली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. कुत्र्याचं म्हातारपण घरात बघायची वेळ आमच्याच पिढीवर जास्त येते आहे. माणूस आजारी पडला, गेला, की काय करायचं हे घरात कुणाला तरी ठाऊक असतं. कुत्र्याच्या बाबतीत तसं सांगणारं कुणीच नव्हतं.

सुरुवात पाण्याने झाली. टायगर भरपूर पाणी प्यायला लागला, तेव्हा उन्हाळा आहे म्हणून सगळे खूशच होते. म्हापशाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा किडन्या निकामी होत असल्याचं कळलं. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर कुत्र्याच्या किडन्यांचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. तुमच्याकडे आठ वर्षांच्या पुढचं कुत्रं असेल आणि ते अचानक जास्त पाणी पीत असेल, तर एवढं वाचून झाल्यावर डॉक्टरांना फोन करा.

पुढचं वर्षभर आईने एक दिवसाआड त्याच्या मानेच्या कातडीखाली सलाइन दिलं. ज्या आईला माझं इंजेक्शन बघवत नसे, तिने. बाबा पोटाखालून जुना टॉवेल घालून त्याला उचलून अंगणात न्यायचे. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने पेज सोडली, मग बांगडा सोडला. रात्री उठून भिंतीकडे तोंड करून नुसता उभा राहायचा.

डॉक्टरांनी पर्याय सांगितला आणि घरात दोन तट पडले. मी बंगळूरहून मोपाला उतरून घरी पोचलो, तेव्हा आई आणि आजी एकमेकींशी त्या विषयावर बोलत नव्हत्या. आजी दत्तभक्त, दत्तजयंतीला साखळीला जाणारी. तिचं म्हणणं सोपं होतं. "धर्मराजाने स्वर्ग नाकारला, पण कुत्र्याला सोडलं नाही. आणि तुम्ही सुई टोचणार?" यावर उत्तर देणं कठीण. महाभारतातला तो कुत्रा हिमालय चढत होता, आमच्या टायगरला तुळशीवृंदावनापर्यंत जाता येत नव्हतं, हे मला तेव्हा म्हणता आलं असतं. पण आजीला मुद्द्यात हरवून काय मिळणार होतं?

मी आपलं माझ्या धंद्यातलं केलं, तक्ता बनवला. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये एक मोजमाप मांडलं आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर थांबायला हरकत नाही. आई, बाबा आणि मी, तिघांनी आठवडाभर वेगवेगळे गुण दिले. बाबांची बेरीज रोज अडतीस-चाळीस, आईची वीसच्या आत. शेपूट एकदा हलली की बाबा आनंदाला आठ देत. पहाटे तीनला त्याचं अंथरूण धुणारी आई दोन देई. दोघंही खोटं लिहीत नव्हते. पण अशा वेळी ज्याच्या हातून शुश्रूषा होते, त्याच्या गुणांना जास्त वजन द्यावं असं माझं मत झालं.

आजीला तक्ता दाखवला नव्हता. शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवा लावून ती आत आली आणि बाबांना म्हणाली, "दिवा लावताना तो उंबऱ्यापाशी येऊन बसायचा. आठ दिवस झाले, आला नाही. आता त्याला कळतच नाही. बोलाव डॉक्टरांना."

डॉक्टर रविवारी घरी आले. काय होणार ते त्यांनी आधी सगळ्यांना सांगितलं, हे फार बरं झालं. आधी गुंगीचं इंजेक्शन, ते भिनायला दहा मिनिटं. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्याच औषधाचा मोठा डोस. श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं, पण तो श्वास नसतो. आधी कळलं नसतं तर तेवढ्याने आम्ही घाबरलो असतो. गुंगी चढण्याआधी आजीने बोटाला मानकुराद आंब्याचा रस लावून पुढे केला. त्याने दोनदा चाटला. डोकं आईच्या मांडीवर होतं.

खड्डा बाबांनी आदल्या संध्याकाळीच खणून ठेवला होता, कंबरेएवढा. आमच्याकडे रेवाळ जमीन. उथळ पुरलं तर दुसरी कुत्री उकरतात, आणि औषध शरीरात राहत असल्याने ते त्यांच्याही जिवावर बेतू शकतं. पाऊस लागल्यावर तर हातभर खणलं तरी पाणी लागतं. मे होता म्हणून जमलं.

सहा वर्षांच्या भाचीला "झोपवलं" असं सांगायचं नाही, हे बहिणीने बजावलं होतं. मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी काढलेला हा शब्द मुलांना झोपेचीच भीती घालतो. टायगर मेला, असंच सांगितलं. ती रडली, मग विचारलं, "त्याचा पट्टा पण पुरणार?" पट्टा तिलाच दिला.

सलाइनच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. आईने त्या धुतलेल्या पिशवीत घालून डॉक्टरांच्या गाडीत ठेवल्या. शिवोलीला किडनीचाच त्रास असलेलं एक कुत्रं आहे, तिकडे देतो म्हणाले. सुई कातडीखाली कशी तिरकी घालायची हे त्या बाईंना जमत नसेल तर माझा नंबर द्या, असं आई त्यांना गाडी सुरू होईपर्यंत सांगत होती.