दोन ओळींमधला ०.२

क्लोरिनचा वास आला की माझा जीव भांड्यात पडायचा. तापीकाठच्या एका गावी मी जलशुद्धीकरण केंद्रावर एकोणतीस वर्षं नोकरी केली. पहिल्या पुराचं लालगढूळ पाणी आलं की मी ते गाळायच्या आधीच त्यात क्लोरिन वाढवायचो. गावाच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरिनच्या तपासणीला, पिवळा रंग दिसला पाहिजे, एवढंच डोक्यात. लहानपणी दोंडाईच्यात आमच्या गल्लीतलं एक पोर गॅस्ट्रोनं गेलं होतं. त्या घरासमोरून जाताना मी मान खाली घालायचो. म्हणून क्लोरिन कमी पडण्याची भीती वाटायची, जास्त झाल्याची कधीच नाही.

सुटीत घरी आलो की वहिनी म्हणायची, "आप्पा, पानीले दवाईना वास ई राहिना." वास येतो तेच बरं, असं मी तिला ऐकवायचो.

निवृत्ती जवळ आली तेव्हा पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, १०५०० क्रमांकाचं, २०१२ चं, सावकाश वाचलं. मोकळा क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, ही ओळ मला तोंडपाठ. त्याच मानकात पुढे दुसरी ओळ होती: क्लोरोफॉर्म, जास्तीत जास्त ०.२ मिलिग्रॅम. आकडा तोच. एका ओळीत त्याच्या खाली उतरायचं नाही, दुसरीत त्याच्या वर चढायचं नाही. आणि हा क्लोरोफॉर्म पाण्यात येतो तो मी टाकलेल्या क्लोरिनमधूनच. कुजलेला पाला, शेतातून वाहून आलेली माती यांचा अंश पाण्यात विरघळतो, त्याला क्लोरिन भिडला की ट्रायहॅलोमिथेन तयार होतात; क्लोरोफॉर्म त्यांतलाच एक. रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी हे १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं, मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात जाणं आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यासही आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझं मत बदललं, पण क्लोरिन बंद करा असं मी म्हणत नाही. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसं गेली. तो धोका काही आठवड्यांतच दारात येतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, की क्लोरिनमधून तयार होणाऱ्या द्रव्यांच्या भीतीनं निर्जंतुकीकरणात हयगय करू नका. चुकला होता तो माझा क्रम. आधी तुरटी, गाळ नीट बसू देणं, वाळूचे फिल्टर वेळेवर धुणं. पाणी नितळ झालं की मग क्लोरिन, आणि तोही मोजून. नितळ पाण्याला क्लोरिन कमी लागतो आणि तो टिकतोही जास्त. जिथे नळ रोज येत नाही, पाणी ड्रममध्ये दिवसचे दिवस साठतं, तिथे तर हे फार महत्त्वाचं, कारण क्लोरिन आणि पाल्याचा अंश दोन्ही शिल्लक असले की ड्रममध्येही ती द्रव्यं वाढत राहतात. गढूळपणा मी औषधानं झाकत होतो, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

आता दोंडाईच्यातच असतो. परवा वहिनीला म्हटलं, पाणी उकळताना झाकण ठेवू नका, क्लोरोफॉर्म वाफेबरोबर उडून जातो. तिनं विचारलं, "मंग तो वास तोच का?" नाही. नळाच्या पाण्यात क्लोरोफॉर्म असला तरी नाकाला कळत नाही. ओटीच्या बाटलीतही दिसत नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. एकोणतीस वर्षांत तशी एकही तपासणी मी मागितली नव्हती.