दम आला, पोटरी मागे राहिली

कोकणात कबड्डीचा संघ पावसाळ्यात आपसूक सुटतो. जूनमध्ये मैदानाचा चिखल होतो, मग लावणी, मग गौरी-गणपती, मग भातकापणी. दिवाळीत गणपतीपुळ्याला पर्यटकांची रीघ लागते, आणि ती ओसरते तोवर प्रकाशझोतातल्या स्पर्धांची पत्रकं येऊन पडतात. या घाईत प्रशिक्षक म्हणून मी पोरांना बरंच दुखवलं.

पहिली चूक वाळूची. समुद्र दारातच, म्हणून सराव सुरू झाला की थेट किनाऱ्यावर पळवायचो. मऊ वाळू पायाला सोपी, असा माझा समज. कोरड्या वाळूत टाच रुतते, आणि पाय उपसण्याचा सगळा भार पोटरीवर येतो. ओला पट्टा घट्ट, पण त्याला समुद्राकडे उतार. एकाच दिशेने पळालं की एक पाय कायम खालच्या अंगाला. आमच्या सगळ्यात चपळ चढाईपटूची पोटरी अशीच धरली आणि त्याचा अर्धा मोसम बाकावर गेला.

दुसरी चूक याहून मोठी. पोरांचं धापा टाकणं थांबलं की संघ तयार झाला असं मी धरायचो आणि पूर्ण जोराच्या पकडी सुरू करायचो. पण दम लवकर परत येतो. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा फार सावकाश मजबूत होतात. अमेरिकेत २०११ साली मालक-खेळाडूंच्या वादात व्यावसायिक फुटबॉल साडेचार महिने बंद होतं. शिबिरं उघडल्यावर पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंच्या टाचेमागच्या कंडरा तुटल्या, पुढच्या १७ दिवसांत आणखी दोघांच्या. तिथे डॉक्टर, व्यायामतज्ज्ञ, सगळं हाताशी होतं. माझ्याकडे शिट्टी होती.

तिसरी चूक, सगळ्यांना एकच माप. एक पोरगा सुट्टीभर घरी बसलेला, दुसरा दिवसभर भाताचे भारे वाहून आलेला, तिसरा लॉजवर रात्रपाळी करून. उशीर झाला की तिघांनाही त्याच उठाबशा. खंडानंतर अशा अतोनात उठाबशांनी स्नायू फुटू शकतात, लघवी काळपट होते, मूत्रपिंडावर बेतते. आमच्यात तसं कुणाचं झालं नाही, हे निव्वळ नशीब.

आता शिक्षेच्या उठाबशा बंद. अमेरिकेतल्या प्रशिक्षक संघटनांनी २०१९ मध्ये सुचवलेला हिशेब मी आमच्या मैदानाला बसवून घेतला आहे: पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मा सराव, मग ७०, ८० आणि ९० टक्के. पहिल्या आठवड्यात पकड नाहीच. चाल, साखळीची जुळणी आणि रिकाम्या चढाया. ऑक्टोबरच्या उन्हाची सवय व्हायलाही आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून सराव सकाळी. सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारतो: काल काय काम केलंस, झोप किती झाली, कुठे दुखतंय? आणि पाऊसभर पडवीच्या पायरीवर टाचा उचलायला लावतो, म्हणजे खंड पुरता खंड राहत नाही.

मंडळाला हे संथ वाटतं. पहिल्या स्पर्धेत आम्ही कच्चे दिसतो, कधी लवकर हरतोही. ती हार मी पत्करतो. डिसेंबरात माझा कोपरारक्षक मैदानात हवा.