३४व्या मिनिटाला पंच कुठे होता?

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब समोरासमोर आले, की पंचाच्या प्रत्येक शिट्टीचा निकाल गॅलरी जागच्या जागी लावते. पेठा आणि तालमींच्या जिवावर उभा राहिलेला हा फुटबॉल आहे. इथला प्रेक्षक पोरवयापासून खेळ बघत आलेला असतो, त्यामुळे त्याच्या आरडाओरड्यातही पुष्कळदा खेळाची जाण असते. पण गॅलरी पंचाला एवढंच सांगते, की चुकलास. का चुकलास, कुठे उभा असतास तर दिसलं असतं, हे सांगणं निरीक्षकाचं काम. मैदानावर त्याला ‘असेसर’ म्हणतात. मी हे काम करतो, आणि कोल्हापूरच्या फुटबॉलला त्याची फार गरज आहे असं मला वाटतं.

कळंब्याचा एक तरुण पंच आहे. दिवसा नोकरी, पहाटे तलावाच्या बाजूला पळणं, सुट्टीच्या दिवशी लहान गटांच्या सामन्यांना शिट्टी. आधी तो तालमीकडून खेळायचा. गुडघा दुखावल्यावर पंचगिरीकडे वळला. एका संध्याकाळी तो निरीक्षकांनी लिहिलेले त्याचे जुने अहवाल घेऊन माझ्याकडे आला. ‘पोझिशनिंगमध्ये सुधारणा आवश्यक.’ ‘आत्मविश्वास वाढवावा.’ ‘एकंदर कामगिरी समाधानकारक.’ खाली गुणांचा आकडा आणि सही.

“सर, ह्यातलं उद्या मैदानात जाऊन मी करायचं काय?” त्याने विचारलं.

त्या कागदांत या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

नंतर त्याचाच एक सामना मी पाहिला. ३४व्या मिनिटाला हल्ला करणाऱ्या संघाने उजव्या बगलेला लांब पास दिला. तिथून क्रॉस आला आणि पेनल्टी क्षेत्रात बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. शिट्टी वाजली नाही. बाहेर गदारोळ. ‘उघड पेनल्टी नाकारली, गंभीर चूक’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. ते खरंही होतं; पण ते त्याला त्याच क्षणी शंभर जणांनी ओरडून सांगितलंच होतं.

अहवालात मी लिहिलं ते असं: ‘३४वं मिनिट. पास सुटला तेव्हा पंच मध्यवर्तुळाच्या कडेला, चालत. क्रॉस आला तेव्हा चेंडूपासून साधारण ३० मीटर मागे, मध्ये दोन खेळाडू आड. बचावपटूचा हात खांद्याच्या वर पसरलेला. पंचाच्या जागेवरून तो दिसणं शक्य नव्हतं. सूचना: मधल्या फळीतल्या खेळाडूने मान वर करून बगलेकडे पाहिलं, की पास सुटायची वाट न बघता पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कोपऱ्याकडे धाव सुरू करावी.’

उजवी बगल त्या वेळी लाईनमनच्या बाजूला होती. पंच तिरक्या रेषेत पळतो तो एवढ्यासाठीच, की खेळ त्याच्या आणि लाईनमनच्या मध्ये राहावा आणि दोघांना तो दोन बाजूंनी दिसावा. हात कसा होता हे लिहिणंही तितकंच गरजेचं. हाताला चेंडू लागला म्हणजे दर वेळी फाऊल होत नाही. हाताने शरीराचा आकार अनैसर्गिकपणे वाढवला होता का, हे बघावं लागतं.

लिहायला बसण्याआधी मी पंचाला बोलू देतो. त्या दिवशी बुटाच्या नाड्या सोडता सोडता तो म्हणाला, “गॅलरी लई ओरडली सर, पण मला हात दिसलाच न्हाई.” म्हणजे तो घाबरला नव्हता, त्याला दिसलं नव्हतं. अशा पोराला ‘आत्मविश्वास वाढवावा’ म्हणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शब्दही नियमाचेच हवेत. ‘टॅकल फार रफ होता’ या वाक्यातून पंचाच्या हाती काही लागत नाही. बाराव्या नियमात तीन पायऱ्या आहेत: निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक, बेदरकारपणा असेल तर पिवळं कार्ड, गरजेपेक्षा जास्त ताकद लावून समोरच्याला धोक्यात घातलं तर लाल. त्यामुळे पाय किती उंच होता, तळव्याचे स्टड पुढे होते का, खेळाडू किती वेगात आला, हे लिहिलं की पायरी आपोआप ठरते. गोलाची उघड संधी हिरावल्याचा प्रसंग असेल तर गोलपर्यंतचं अंतर, खेळाची दिशा, चेंडूवर ताबा मिळण्याची शक्यता आणि बचावपटू किती व कुठे होते, या चारही गोष्टी आल्याच पाहिजेत.

चांगलं केलेलंही असंच मिनिटासकट लिहावं, हा माझा आग्रह आहे. त्याच सामन्यात ५२व्या मिनिटाला कळंब्याच्या पंचाने फाऊल पाहून शिट्टी रोखली, चेंडू त्याच संघाकडे राहतो का ते क्षणभर पाहिलं आणि खेळ चालू ठेवला. त्यातून गोलवर जोरदार फटका गेला. खेळ थांबल्यावर त्याने आधीच्या फाऊलबद्दल पिवळं कार्डही दाखवलं. ‘छान’ एवढंच लिहिलं असतं तर यातलं नेमकं काय पुन्हा करायचं, हे त्याला कळलं नसतं.

त्याच प्रसंगात एक उणीवही होती. ॲडव्हांटेजची, म्हणजे फाऊल दिसूनही खेळ चालू ठेवल्याची खूण त्याने हात कमरेशी ठेवून, घाईघाईत केली. ती कुणालाच दिसली नाही, आणि पंचाने फाऊल सोडून दिला असा सगळ्यांचा समज झाला. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यातही कुणाला ताकीद मिळाली यावरून असाच गोंधळ उडाला होता. त्यानंतर इंग्लंडच्या केन ॲस्टन यांना रस्त्यावरच्या सिग्नलच्या दिव्यांवरून कार्डांची कल्पना सुचली आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ती मैदानात आली. पंचाचा निर्णय लांबच्या माणसालाही कळावा, हाच त्यामागचा हेतू. पेठेच्या सामन्याला तर त्याची दुप्पट गरज.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून इथल्या पोरांना खेळाडू म्हणून पुढे जायची वाट दिसते. पंचांनाही वाट आहे. भारताचे के. शंकर २००२च्या विश्वचषकात लाईनवर होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६मध्ये जॉर्डनला मुलींच्या विश्वचषकात होत्या. पण त्या वाटेवर चालणाऱ्या नव्या पंचाजवळ प्रशिक्षक क्वचितच असतो. सामन्यानंतर त्याच्या हातात उरतो तो अहवाल.

म्हणून मी एका अहवालात दोनच सूचना देतो. दहा दिल्या तर शिट्टी वाजवताना एकही आठवत नाही. आणि पुढच्या निरीक्षकाने आधीचा अहवाल वाचूनच मैदानावर यावं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर दर वेळी पाटी कोरी.

कळंब्याच्या त्या पंचाच्या पुढच्या सामन्याला दुसरे निरीक्षक होते. त्यांनी दोन्ही सूचना सोबत ठेवल्या होत्या. त्यांची पहिली नोंद अशी: ‘१८वं मिनिट. क्रॉस येण्याआधीच पंच पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कोपऱ्यापाशी, समोर कुणी आड नाही.’ ॲडव्हांटेजची खूण मात्र अजून अर्धवट होती. ती सूचना त्यांनी कायम ठेवली आणि खाली नवी एकच लिहिली: ‘कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकाला अडवणाऱ्या खेळाडूला किक होण्याआधीच समज द्यावी.’