इंजिन बदललं, मीटरचं काय?

वीकेण्ड म्हटलं की आपली गाडी लोणावळ्याकडे नाहीतर अलिबागकडे वळते. हिंगोलीचं नाव काढा, निम्मं ऑफिस विचारेल, ‘हे नेमकं कुठे आलं?’ परभणीतून १ मे १९९९ ला वेगळा झालेला हा मराठवाड्यातला जिल्हा. पाच तालुके, गाड्यांवर एमएच-३८ आणि मोंढ्यात हळदीचा वास. लोक येतात ते औंढा नागनाथाच्या दर्शनाला. मला मात्र देवळाइतकीच ओढ होती तिथवर नेणाऱ्या जीपची!

हिंगोली ते औंढा साधारण पंचवीस किलोमीटर. काळी-पिवळी भरली की सुटते. ‘भरली’ म्हणजे किती, हे ड्रायव्हर ठरवणार. पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले आणि समोर बघते तर स्पीडचा काटा शून्यावर, डिझेलचा कायमचा अर्ध्यावर.

‘दादा, मीटर बंद आहे?’

‘आवाज यायलाय ना ताई इंजिनचा!’

हसू नका. जुन्या जीपचा हाच फंडा होता. महिंद्राची सुरुवातीची जीप पेट्रोलवर चालायची. डिझेल स्वस्त, म्हणून गावोगावच्या गॅरेजमध्ये पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवलं जायचं. ऐंशीच्या दशकात खुद्द कंपनीने एमएम ५४० मध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन बदललं तरी डॅशबोर्डची कटकट फारशी नसे, कारण प्रत्येक काट्याची सोय वेगळी. स्पीडोमीटरची केबल गिअरच्या बाजूने येते, इंजिनातून नाही. टेंपरेचरचा जुना सेन्सर नव्या इंजिनात बसवला की काम झालं. अडायचा तो फक्त आरपीएमचा काटा, तोही असला तर! पेट्रोल गाडीत तो स्पार्कच्या ठिणग्या मोजतो. डिझेलला ठिणगीच नाही, मग अल्टरनेटरवरून वायर ओढायची. पाना, टेस्टर आणि मिस्त्रीचा कान, बस्स.

आता तुमच्या-माझ्या हप्त्यावरच्या गाडीकडे या. इथे इंजिनचा कॉम्प्युटर आणि मीटर दोन वायरवरून एकमेकांशी बोलतात. बॉशने १९८६ साली आणलेली ही ‘कॅन’ पद्धत. दुसऱ्या मॉडेलचं इंजिन बसवलं, तर त्याची भाषा जुन्या मीटरला कळेलच असं नाही. मग काटा हलत नाही, चेक इंजिनचा दिवा विझत नाही, कधी तर चावीच ओळखली जात नाही आणि गाडी स्टार्टच होत नाही. उपाय म्हणजे मीटर उघडून त्यातल्या मेमरी चिपचं कोडिंग बदलायचं, नाहीतर मध्ये दुभाष्यासारखा एक छोटा मॉड्यूल बसवायचा. म्हणजे पान्याच्या जोडीला लॅपटॉप आला!

खरा घोळ पुढे आहे. पुष्कळ गाड्यांत किलोमीटरचा आकडाही मीटरमधल्या चिपमध्येच असतो. जो काटा खरा करू शकतो, तो एक लाख किलोमीटरचे चाळीस हजारही करू शकतो. सेकंडहॅण्ड गाडी घेणाऱ्याला हे कळणार कसं? आवाज ऐकून? आपला कान काही त्या ड्रायव्हरदादांसारखा तयार नाही.

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा मूळ तपशील मनाला येईल तसा बदलता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट चालतं, पण मंजुरी मिळालेलं, आणि आरसीवर नोंद करूनच.

गंमत बघा, याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ उभी राहणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि प्रोटॉनहूनही सूक्ष्म बदल टिपणारं मोजमाप. आणि रस्त्यावर आमचा काटा शून्यावर!

तेव्हा जायचं असेल तर औंढ्याला जाच. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, अशी आख्यायिका असलेलं हे देऊळ आहे. नंदी मागच्या बाजूला का, ते तिथे कुणीही सांगेल. जोडून नामदेवांचं नर्सीही करा. आणि जुनी गाडी घेऊन जाणार असाल, तर घेण्याआधी एवढं बघा: आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंधन जुळतंय का, सर्व्हिस बुकातले किलोमीटर मीटरशी पटतात का, आणि चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागून वेळेवर विझतात का. न लागणारा दिवा जास्त संशयास्पद, हे लक्षात ठेवा.