रेघ आणि छिन्नी

अंबरनाथच्या पूर्वेस वालधुनीच्या काठी उभे असलेले शिवमंदिर आम्ही अनेकदा पाहिले आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आणि शिलाहार राजा मामवाणी याचे नाव येते. त्याच्या शिखराची घडण भूमिज पद्धतीची. या पद्धतीत लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात आणि वर जाताना आकसत जातात. शिखराचा माथा आज ढासळला आहे. तरी जे उरले आहे ते पाहताना एक विचार मनात येतो. आराखडा काढणाऱ्याला दगडाचा स्वभाव ठाऊक नसता, किंवा छिन्नी चालवणाऱ्याला वरच्या ओळीचे माप ठाऊक नसते, तर ही चढण साधलीच नसती. रेघ कोठे संपली आणि छिन्नी कोठे सुरू झाली, हे त्या भिंतींवर शोधून सापडत नाही.

आज याच अंबरनाथमधून, तसेच शेजारच्या उल्हासनगर आणि बदलापुरातून कितीतरी तरुण पहाटेची लोकल गाठून मुंबईकडे जातात. त्यांतील काहींचे काम संगणकाच्या पडद्यावरचे आहे. संकेतस्थळ कसे दिसावे हे ठरवतो तो डिझायनर. ते प्रत्यक्ष चालते करतो तो डेव्हलपर. या दोघांत सख्य नसेल तर नुकसान कोणाचे होते, हे आम्ही जवळून पाहिले.

आमच्या परिचयातील काही भगिनी बदलापुरात मसाले करून विकतात. मिरची-धणे उधारीवर आणून त्यांनी उन्हाळ्यात मसाला कुटला आणि विक्रीसाठी संकेतस्थळ करून घेतले. चित्र काढणारी मुलगी उल्हासनगरची, ते पडद्यावर उतरवणारा मुलगा अंबरनाथचा. दोन्ही स्टेशने लागूनच. पण दोघे कधी भेटले नाहीत. चित्रे फोनवरून गेली, काम फोनवरून आले. संकेतस्थळ सुरू झाले आणि दोन आठवडे एकही मागणी आली नाही. अखेर एका वृद्ध गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, “अगो बाय, मसाला घ्यायचा तो कुठे दाबून?”

त्या बाईंनी फोनवरील अक्षर मोठे करून घेतले होते. त्यामुळे मजकूर खाली सरकला आणि मागणीचे बटण पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीआड गेले. ‘ईस्ट इंडियन बाटली मसाला’ या नावातील ‘ईस्ट इंडियन’ एवढेच दिसत होते, पुढे तीन टिंबे. शीर्षकातील अक्षरांमध्ये शोभेसाठी अंतर ठेवले होते. इंग्रजीत ते खुलते, मराठीत मात्र त्याने शिरोरेषा तुटली होती.

मग आरोप सुरू झाले. मुलगी म्हणाली, “दादा, माझं चित्र तू बिघडवलंस.” मुलगा म्हणाला, “ताई, तुझ्या चित्रात नुसतं ‘मसाला’ लिहिलं होतं. एवढं लांब नाव येणार हे मला कोण सांगणार?” दोघेही खरे बोलत होते, आणि तिकडे बाटल्या फळीवर तशाच होत्या.

आपल्या लिपीच्या बाबतीत ही अडचण नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांना या भूमीच्या भाषेतील पुस्तके तिच्याच लिपीत छापलेली पाहायची होती. १६०८ सालच्या पत्रात ते लिहितात की, युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे सुमारे सहाशे साचे लागतील, म्हणून ते अशक्य वाटत आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. शब्द सिद्ध होते; त्यांना रूप देणाऱ्या हाताशी गाठ पडली नाही. याउलट सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी मुंबईत संगणकतज्ज्ञांच्या सोबतीने देवनागरी अक्षरांचे काम केले. त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक पुढे विंडोज संगणकांबरोबर घरोघरी पोचला. ‘ख्रिस्त’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात; संगणक त्यासाठी सात चिन्हे साठवतो. त्यातील ऱ्हस्व वेलांटी मागाहून साठवली जाते आणि दिसते मात्र आधी. असे काम एकट्या चित्रकाराचे नव्हे, एकट्या तंत्रज्ञाचेही नव्हे.

एका रविवारी आम्ही त्या दोघांना मसाल्याच्या त्याच घरी बोलावले. त्या बाईंचा फोन मुलीच्या हाती दिला. ती बराच वेळ गप्प राहिली; मग म्हणाली, “मी हे कधी असं पाहिलंच नव्हतं.” मुलानेही सांगितले, “नाव मावत नाही हे मला दिसलं होतं. विचारायला हवं होतं.” त्या दुपारी दोघांनी सर्वांत लांब नाव आधी लिहून पाहिले, नाव दोन ओळींत मावेल अशी जागा केली, शीर्षकातील अंतर काढले आणि बटण वर आणले. माल संपला, पैसे भरताना जोडणी तुटली, तर गिऱ्हाइकाला काय दिसावे, हे चित्रात मुळी नव्हतेच. तेही त्यांनी सोबतच ठरवले. कोणता बदल तासाभराचा आणि कोणता आठवड्याचा, हे मुलाने सांगितले, तेव्हा मुलीने आपला एक आवडता अलंकार आपणहून सोडला. संध्याकाळी सहाव्या प्रयत्नाला पहिली मागणी नोंदली गेली.

वाचकहो, ‘माझे काम मी चोख केले’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. घरात, संस्थेत, कार्यालयात त्याचा उपयोग बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी होतो. चित्र पूर्ण करून सोपवणे म्हणजे काम सोपवणे नव्हे. ते पेन्सिलीत असतानाच घडवणाऱ्याला दाखवावे. घडवणाऱ्याने अडलेले मनात न ठेवता त्याच दिवशी विचारावे. आणि दोघांनी मिळून ते अशा माणसाच्या हाती द्यावे, ज्याची नजर अधू आहे व फोन जुना आहे. त्या माणसाला चित्र कोणाचे आणि घडण कोणाची याच्याशी काही कर्तव्य नसते. त्याला मसाला हवा असतो, आणि मसाला कुटणारीला तिच्या कष्टाचे दाम.