उचलून नेणे म्हणजे सहल नव्हे

अपंग माणसाला उघड्या जीपमध्ये चौघांनी पोत्यासारखे उचलून टाकायचे, ही रीत आम्ही विदर्भातल्या एका जंगलात पाहिली. करमणुकीचा समान हक्क 2016 च्या कायद्यात आहे, पण जीपपर्यंत तो पोचलेला नाही. चाकाच्या खुर्चीला फूटभर चढायला 12 फूट उतार लागतो. जीपची बैठक अडीच फुटांवर. 30 फुटी फळी कोण वाहणार? म्हणून पुढच्या खेपेला आम्ही दोन पायऱ्यांची लाकडी घडवंची नेली. खालची पायरी खुर्चीएवढी, वरची बैठकीएवढी. "दादा, हात लावू नका," म्हणत आमचा मित्र स्वतःच सरकत वर गेला.

मुक्कामी तंबूपेक्षा संडासाचीच काळजी मोठी. मधोमध भोक पाडलेली खुर्ची आणि आडोशाला चादर, एवढ्यावर दोन रात्री निभावल्या. निघताना ड्रायव्हरने घडवंचीचे माप वहीत उतरवून घेतले.