हरलेल्या फ्रेमचा जमाखर्च

आमच्या पूल पार्लरमध्ये टेबलावरचा दिवा लागला की मीटर सुरू होतो. काउंटरवरचा मुलगा संगणकावर एक बटण दाबतो, हिरव्या कापडावर उजेड पडतो आणि तिथून पुढे तुम्ही शॉट मारा, क्यूच्या टोकाला खडू घासत विचार करा, नाहीतर फोनवर घरी 'निघतोच आहे' म्हणून सांगा, पैसे चालू. रिवाज असा की हरेल त्यानं टेबल भरायचं. त्यामुळे प्रत्येक फ्रेमचे निकाल दोन लागतात, एक टेबलावर आणि दुसरा काउंटरवर. या दोन्हींची जी गाठ पडते ती सोडवायला मी वही ठेवतो.

माझ्या खेळातल्या जोडीदाराला हे हास्यास्पद वाटतं. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर उधारीच्या खात्यांत बुडालेला माणूस रात्री इथे येतो तो वह्या विसरायलाच. "इन्कम टॅक्सवाल्यांना दाखवायचीय का रे?" असं त्यानं विचारून झालंय. पण त्याला एकदा विचारलं, की बाबा, आपल्या दोघांत कोण जास्त जिंकतं? तो म्हणाला, "साधारण साठ-चाळीस, माझ्या बाजूनं." मलाही माझ्या बाजूनं साठ-चाळीसच वाटत होतं. दोघांचे मिळून एकशेवीस टक्के झाले. हौशी खेळाडूंच्या कुठल्याही जोडीला वेगवेगळं गाठून हा प्रश्न विचारा, बेरीज शंभरच्या वर जाईल. जिंकलेली फ्रेम आपण घरी जाताना दोनदा आठवतो, हरलेली पार्किंगमध्येच सोडून येतो.

बिलियर्ड्सवाल्यांना ही अडचण नाही. तिथे गुण खेळातच मोजले जातात आणि मार्कर ते बोर्डावर चढवत असतो. पुण्यात 1922 साली जन्मलेल्या विल्सन जोन्सनं 1958 साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवलं. मुंबईच्या मायकेल फरेरानं 1978 च्या राष्ट्रीय स्पर्धेत 1,149 गुणांचा ब्रेक केला. इतक्या वर्षांनीही त्या डावाची उंची आकड्यातून कळते. आमच्या एट-बॉल पूलमध्ये असं काही उरत नाही. सातही चेंडू घालून काळ्यावर अडकलेला आणि एकही चेंडू न घालता उठलेला, दोघांच्या नावावर सारखीच हार. खेळ स्वतःची नोंद ठेवत नाही, म्हणून ती आपण ठेवायची.

माझी पद्धत जुन्या दुकानदारी वळणाची आहे. पुढच्या पानांवर कीर्द: तारीख, समोर कोण, किती फ्रेम, निकाल, भरलेले पैसे. मागच्या पानांवर माणसागणिक खतावणी. पण या दोन्हींपेक्षा कामाचा निघाला तो एका अक्षराचा रकाना. फ्रेम हरलो की निकालापुढे मी एक अक्षर टाकतो. 'पां' म्हणजे पांढरा पॉकेटमध्ये गेला. 'सो' म्हणजे सोपा चेंडू हुकला. 'जा' म्हणजे चेंडू गेला, पण पांढरा पुढच्यासाठी जागेवर आला नाही. 'तो' म्हणजे समोरच्यानं खरोखर चांगलं खेळून घेतली, आपण खुर्चीत बसून पाहिलं. हे 'तो' लिहायला मन मोठं लागतं, आणि उगाच लिहून मोकळं व्हायचा मोहही होतो. जोडीदारानं एकदा पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, "एवढे 'तो'? मी इतका भारी आहे होय?" नव्हता. त्यातले निम्मे 'जा' होते.

या अक्षरांनी मला एक गोष्ट दाखवली, ती निकालाच्या रकान्यात कधीच दिसली नसती. एट-बॉलमध्ये आपण म्हणतो, 'काळ्यावर हरलो'. काळ्यावर हरणं फार क्वचित होतं. एक नेहमीचा डाव सांगतो. ब्रेकनंतर माझे पट्टेवाले चेंडू. पाच मोकळे, एक मधल्या पॉकेटच्या तोंडाशी लटकलेला, आणि एक दूरच्या कुशनला चिकटून, त्याला समोरच्याच्या चेंडूचा शेजार. मोकळे पाच मी सपासप घालतो. लटकलेलाही घालतो. आजूबाजूचे दोघे-तिघे 'वा' म्हणतात. आता माझा एकच उरला, तोही कुशनला चिकटलेला, आणि समोरच्याचे सातही टेबलावर. म्हणजे माझ्या वाटेत सात अडथळे, आणि त्याच्या वाटेत माझा एकच चेंडू. मी चिकटलेल्यावर धडपडतो, चुकतो, तो शांतपणे उठतो आणि मोकळ्या टेबलावर एकेक करून घालू लागतो. काळा त्यानंच घातला, पण फ्रेम मी तिसऱ्या चेंडूलाच घालवली होती. तेव्हाच लटकलेला राखून ठेवून चिकटलेला सोडवायला हवा होता. तोंडावरचा चेंडू कुठे पळून जात नाही, सगळं फसलं तरी तो हक्काचा असतो. वहीत अशा फ्रेमपुढे आता 'जा' नाही, 'घा' येतं. घाई.

अमेरिकेत नोंदी ठेवण्याचं हे काम फार पुढे गेलं आहे. पॅट फ्लेमिंग हा स्वतः चांगला खेळाडू. त्याच्या 'अ‍ॅक्यु-स्टॅट्स' या कंपनीनं रूढ केलेलं गणित सरळ आहे. घातलेले चेंडू भागिले घातलेले चेंडू अधिक चुका. 45 घातले, 15 चुका केल्या तर 45 भागिले 60, म्हणजे .750. पांढऱ्याची जागा चुकली तर तीही चूक, सेफ्टी, म्हणजे बचावाचा शॉट, फसली तर तीही. .900 च्या वरचा खेळ जागतिक दर्जाचा मानतात. मी हे करून पाहिलं आणि सोडलं. प्रत्येक शॉटनंतर लिहायला वाकलं की लय जाते, आणि समोरचा माणूस आपल्याला वेडा समजतो, ते वेगळंच. हौशी माणसाला फ्रेममागे एक अक्षर पुरे.

हार-जीत मोजण्यात एक धोका आहे, घाईनं निष्कर्ष काढण्याचा. दोन अगदी तुल्यबळ खेळाडू चाळीस फ्रेम खेळले तर निकाल वीस-वीसच लागेल असं थोडंच आहे? 26-14 लागला तरी तो निव्वळ योगायोगाच्या हद्दीत बसतो. म्हणजे दोन-तीन महिने तुम्ही कुणाकडून सडकून मार खात असाल आणि तरीही त्याच्याइतकेच चांगले असाल. नवा क्यू घेतल्यावर पहिल्या आठवड्यात जिंकलेल्या सहा फ्रेमना तर काहीच अर्थ नाही. पण क्यू विकणाऱ्याला हे सांगू नका, आणि नवा क्यू घेतलेल्या मित्राला तर नकोच नको.

आता पैसे. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण आकडे खरे असतात आणि त्यांचा अर्थ भलताच निघतो. समजा टेबल तासाला 200 रुपये आणि तासात चार फ्रेम होतात. बरोबरीच्या माणसाशी खेळलात तर दीर्घकाळात तुमच्या वाट्याला निम्मे, तासाला 100. आता फार्गो रेट नावाची मानांकन पद्धत आहे, तिचा हिशेब असा की दोघांत 100 गुणांचं अंतर असेल तर वरचढ खेळाडू दोन फ्रेम घेतो तेव्हा दुसऱ्याला एक मिळते. अशा वरचढाशी खेळलात तर तीनातल्या दोन फ्रेमचे पैसे तुमचे, तासाला साधारण 133. उलट, तेवढ्याच कच्च्या माणसाशी खेळलात तर 67. म्हणजे नुसता पैशाचा रकाना वाचला तर वही सल्ला देते, की कच्च्या माणसांशीच खेळत जा. अनेक जण वही न ठेवताही नेमकं हेच करतात. पार्लरमध्ये असे खेळाडू सगळ्यांना माहीत असतात; ते कोपऱ्यात बसून पाहत राहतात आणि नवखा कुणी आला की उठून म्हणतात, "एक होऊन जाऊ दे?" वर्षानुवर्षं त्यांचा खेळ आहे तिथेच असतो, आणि खर्च मात्र कमी.

मी वरचढाच्या पानावर हार 'खर्च' म्हणून लिहीत नाही, 'फी' म्हणून लिहितो. बरोबरीच्या माणसापेक्षा तासाला 33 रुपये जास्त. हल्ली यात वडापाव आणि कटिंग येतं, क्लास कुठलाच येत नाही. आमच्याकडे सैन्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. तरुणपणी बिलियर्ड्स खेळलेले, त्यामुळे पांढऱ्यावर विलक्षण ताबा. त्यांच्याशी माझं पान तीनास एकपेक्षाही वाईट आहे. हरल्यावर मी पाकीट काढलं की ते म्हणतात, "अहो, राहू द्या, मी भरतो." मी भरू देत नाही. एकदा त्यांनी भरलं की मला 'तो चेंडू तुम्ही आधी का घेतला नाहीत?' हे विचारायचा हक्क राहत नाही.

फीलाही मर्यादा आहे, हेही वहीनंच सांगितलं. वरचढ माणूस एकदा टेबलावर गेला की उठत नाही. तासातले जेमतेम तीसेक शॉट माझ्या वाट्याला येतात. 133 रुपयांत तीस शॉट, म्हणजे शॉटला चार रुपयांच्या वर. बरोबरीच्या माणसाशी पन्नास शॉट धरा, दोन रुपये. आणि एकटं खेळलं तर? टेबलाचे पूर्ण 200 आपलेच, पण अर्ध्या मिनिटाला एक शॉट धरला तरी तासात 120. शॉटला पावणेदोन रुपयेसुद्धा नाहीत. एकटं खेळणं महाग, हा पार्लरमधला सर्वमान्य समज आकडेमोडीत टिकत नाही. दुपारचा दर कमी असेल तर मुळीच नाही. कंटाळा येतो हे मात्र खरं.

बाकी खर्चाचं थोडक्यात. सहा हजारांचा क्यू तीन वर्षं वापरला, आठवड्याला सहा फ्रेम खेळलो, तर फ्रेममागे साडेसहा रुपयांच्या आसपास पडतो. एका संध्याकाळचा चहा आणि सामोसा पन्नास धरला तर फ्रेममागे आठ रुपये. क्यू घेताना आपण महिनाभर विचार करतो. सामोसा हात वर करून मागवतो. चामड्याची टिप बदलणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळला जाणारा खर्च; पार्लरच्या क्यूची चपटी, तुकतुकीत टिप खडूच धरत नाही, आणि मग 'पां' आणि 'सो' दोन्ही वाढतात. पेट्रोल लिहा. पार्किंग लिहा. चहा लावून खेळलात तर तो चहा टेबलाच्या रकान्यात घालू नका, 'वरकड'मध्ये घाला. पैसे लावून खेळणाऱ्यांना मात्र ही वही काही कामाची नाही. त्यांच्या वहीत खेळ उरतच नाही, फक्त शिल्लक उरते. जबलपूरच्या ऑफिसर मेसमध्ये 1875 साली नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्यानं ब्लॅक पूलमध्ये रंगीत चेंडू वाढवून स्नूकर काढला, तेव्हाही टेबलाभोवती पैसे लागलेले असत. ही सवय खेळाइतकीच जुनी आहे. तरी मी ती माझ्या वहीत येऊ देत नाही.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर पैशाचा रकाना आणि हार-जीतीचा रकाना शेजारी शेजारी आखू नका. मध्ये ते एक अक्षर ठेवा, आणि ते फ्रेम संपल्याबरोबर लिहा. घरी जाऊन लिहिलंत तर सगळीकडे 'तो'च दिसेल. महिन्याची बेरीज करताना आधी अक्षरं मोजा, मग रुपये. आणि पेन घरून न्या. काउंटरवरचं दोरीला बांधलेलं असतं, आणि ते चालत नाही.